अकोल्यातली बियाणे बँक: वाल फिटला, दुधी बाकी

मागच्या वर्षी जूनमध्ये अकोले तालुक्यातल्या (विदर्भातलं अकोला नव्हे, कळसूबाईच्या पायथ्याचं अकोले) एका महिला गटाच्या बियाणे बँकेतून पावकिलो वाल आणि दुधीच्या वीस बिया आणल्या. पैसे नाहीत. वहीत नाव, वाण, वजन लिहिलं, सही घेतली. पीक निघालं की दुप्पट बी परत करायचं, एवढीच अट. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती असंच गावरान बी राखल्याबद्दल.

वालाबद्दल तक्रार नाही. उगवण छान, मांडव भरला. थंडीत मावा पडला, पण निंबोळी अर्कावर भागलं. वालाचं फूल बहुतेक आपल्याआपण फळतं, त्यामुळे बी बिघडत नाही. शेंगा वेलीवरच वाळवल्या, अर्धा किलो बी फेडायला काढलं, घरातही उरलं.

दुधीनं फजिती केली. शेजारच्या वावरात संकरित दुधी होता आणि मधमाशीला बांध कळत नाही. धरलेलं बी उन्हाळ्यात लावून पाहिलं, तर एका वेलाला लांबडे दुधी, दुसऱ्याला तुंब्यासारखे. असलं बी बँकेत कुठल्या तोंडानं भरायचं?

मे महिन्यात वाल फेडायला गेले तेव्हा गटातल्या आजींनी युक्ती सांगितली. दुधी संध्याकाळी फुलतो. त्या दिवशी उमलणाऱ्या नर-मादी कळ्या दुपारीच दोऱ्यानं बांधायच्या, सांजेला सोडून हातानं पराग लावायचे आणि मादी फूल पुन्हा बांधायचं.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही भाजीपुरतं नेताय."

बी देताना अशी एक चिठ्ठी सोबत द्यायला काय हरकत आहे? याचा एक गुण कापला.

आमच्याकडचा एक दुकानदार म्हणाला, असं बी वाटणं बेकायदा आहे. तसं काही नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, अगदी विकायचाही हक्क दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही.

येताना दुधीच्या आणखी वीस बिया घेतल्या. म्हणजे माझ्या नावावर आता ऐंशी बाकी. काल तीन कळ्यांना दोरे बांधलेत.