लॉकपिकिंगचा शिकाऊ संच आणि सरावाची कुलपं: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लॉकपिकिंग म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडणं. शिकाऊंच्या संचात साधारण बारा ते वीस पिक (आतल्या पिना उचलायच्या बारीक सळ्या), तीन-चार टेन्शन रेंच (कुलपाला पीळ द्यायच्या वाकवलेल्या पट्ट्या), एक पाकीट आणि पारदर्शक प्लास्टिकचं एक सरावाचं कुलूप असतं. काही महिने नेमाने वापरल्यावर त्यातला एक छोटा हुक (टोक वर वळलेला पिक), एक मध्यम हुक आणि एखाद-दुसरा रेक (नागमोडी टोकाचा पिक) एवढीच हत्यारं हातात राहतात. हाफ-डायमंड, बॉल, स्नेक वगैरे मंडळी पाकिटातून बाहेर येतच नाहीत. कुलूप उघडणार की नाही हे ज्या हत्यारावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं ते म्हणजे टेन्शन रेंच, आणि स्वस्त संचात नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष केलेलं असतं. नवख्याने खर्च आणि लक्ष पिकांच्या संख्येऐवजी रेंच आणि धातूच्या चार चांगल्या कुलपांकडे वळवावं, हे या वापरातून पक्कं झालेलं मत आहे.

पिनच्या कुलपात फिरणारा गाभा असतो आणि त्याभोवती न फिरणारं घर. दोन्हींतून आरपार जाणाऱ्या प्रत्येक भोकात एक किल्ली-पिन, तिच्यावर ड्रायव्हर पिन आणि तिला दाबणारी स्प्रिंग असते. बरोबर किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे गाभा आणि घर यांच्या मधल्या सीमेवर, म्हणजे शिअर लाइनवर येतात आणि गाभा फिरतो. लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आजही बहुतेक छोट्या कुलपांच्या पोटात आहे. तिची उणीव कारखान्यात तयार होते. भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत, किंचित फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती नेमक्या उंचीला उचलली की बारीक टिक्‌ होते, गाभा केसभर सरकतो आणि पुढची पिन अडकते. हा अडकण्याचा क्रम प्रत्येक कुलपाचा स्वतःचा असतो. एकाच मॉडेलची दोन कुलपं घेतली तरी तो जुळेलच असं नाही, त्यामुळे ‘मागून पुढे एकेक पिन उचलत या’ ही शिकवण फारशी उपयोगाची नाही.

आता रेंच. संचात येणारे जाड, एल-आकाराचे रेंच किल्लीच्या फटीत पिनांच्या विरुद्ध बाजूला बसतात. छोट्या कुलपाची फट आधीच अरुंद, त्यात हा रेंच अर्धी जागा खातो आणि पिक वर-खाली हलवायला वाव उरत नाही. पिनांच्या बाजूने, फटीच्या अगदी तोंडाशी बसणारे चपटे रेंच वेगळे मिळतात. साधारण ०.०४० ते ०.०५० इंच, म्हणजे १ ते १.३ मिलिमीटर जाडीचे तीन-चार घेतले तर बहुतेक फटींत एखादा घट्ट बसतो. घट्ट बसणं महत्त्वाचं आहे, कारण रेंच फटीत डुगडुगला तर गाभ्याची बारीक हालचाल बोटापर्यंत पोचत नाही. मात्र त्याचं टोक पहिल्या पिनेला टेकता कामा नये. टेकलं तर ती पिन अर्धवट उचललेली राहते आणि बाकीच्या सगळ्या बसल्या तरी कुलूप हलत नाही. ‘चार पिना लागल्या, पण उघडत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण निघतं. टोक लांब असेल तर कानशीने घासून दीड-दोन मिलिमीटर ठेवावं. वायपरच्या रबरात असलेल्या स्टीलच्या पट्टीपासूनही उत्तम रेंच बनतात; पट्टी हळूहळू वाकवावी, झटका दिला तर ती मोडते.

दाब किती द्यायचा? कीबोर्डचं एक बटण खाली जाईल इतका पुरतो, आणि सुरुवातीला जवळपास प्रत्येक जण याच्या कित्येक पट देतो. जास्त दाब दिला की दोन-तीन पिना एकाच वेळी कडक लागतात आणि खरी अडकलेली कोणती ते कळत नाही. शिवाय कडक पिन उचलायला पिकवर जोर द्यावा लागतो, ती शिअर लाइनच्या पुढे निसटते आणि किल्ली-पिन स्वतःच सीमेवर अडकून बसते. याला ओव्हरसेट म्हणतात. दाब पूर्ण सोडून पुन्हा सुरू करणं हाच त्यावर उपाय. दाब सोडताना कान द्यावा: टपटप पिना पडल्याचे आवाज आले तर काही बसल्या होत्या, काहीच आवाज आला नाही तर अजून सुरुवातही झाली नव्हती.

छोट्या कुलपांत एक जास्तीची अडचण असते. पुष्कळ कुलपांत गाभा फिरताना कडी धरणाऱ्या खिटीची स्प्रिंगही दाबावी लागते, किंवा गाभ्याला स्वतःची परत फिरवणारी स्प्रिंग असते. त्यामुळे थोडा दाब त्या स्प्रिंगलाच जातो आणि गाभा केसभर सरकल्याची खूण झाकली जाते. आपल्या कुलपात अशी स्प्रिंग आहे का, हे आधी किल्लीने पाहावं. किल्ली फिरवून सोडल्यावर ती आपोआप परत आली तर स्प्रिंग आहे. त्याच वेळी गाभा कोणत्या दिशेला फिरतो तेही पाहून घ्यावं. उलट्या दिशेने पिना लावत बसलं तर सगळं बरोबर करूनही कडी सुटणार नाही.

पिकने चाचपताना पिन चार प्रकारे बोलते. मऊ स्प्रिंगसारखी वर-खाली होते ती अजून अडकलेली नाही, तिला सोडून पुढे जावं. दगडासारखी कडक लागते तीच अडकलेली, तिला हळू उचलावं. बसलेली पिन थोडीशी सैल, स्प्रिंगचा जोर नसलेली लागते. ओव्हरसेट झालेली पिन पूर्ण मेलेली, खाली-वर न होणारी असते. या चार स्पर्शांतला फरक बोटांना कळू लागेपर्यंत नवीन हत्यार विकत घेण्यात अर्थ नाही.

पारदर्शक कुलपाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. पिना कशा बसतात हे एकदा डोळ्यांनी पाहायला ते चांगलं आहे, अर्धा तास. त्यानंतर ते नुकसान करतं. त्यातली भोकं इतकी ढिली असतात की कसंही ढोसलं तरी ते उघडतं, प्लास्टिकमधून टिक्‌चा कंप नीट येत नाही, आणि डोळे बोटांचं काम करू लागतात. त्यापेक्षा पिना काढता-घालता येणारं धातूचं सरावाचं सिलिंडर, म्हणजे गाभा आणि घर एवढाच सुटा भाग, कितीतरी चांगलं. त्यात एकच पिन ठेवून सुरू करावं, मग दोन, मग तीन. एक पिन हास्यास्पद वाटली तरी ‘अडकलेली’ आणि ‘बसलेली’ यांतला फरक तिच्यावरच सगळ्यात स्वच्छ कळतो.

खऱ्या कुलपांत पहिलं घ्यावं ते थरांच्या पोलादी पट्ट्यांचं, चार पिनांचं, मास्टर लॉक कंपनीचं नंबर ३. गाभा सैल, पिना साध्या, त्यामुळे रेकने ते काही सेकंदांत उघडतं. पण रेकने उघडून खूश होण्यात वेळ घालवू नये. रेक पुढे-मागे सरकवणं हा नशिबाचा भाग मोठा असलेला प्रकार आहे, त्यातून पिनेचा स्पर्श शिकता येत नाही. हेच कुलूप एका हुकने, एकेक पिन ओळखून उघडावं. कोणती पिन आधी आणि कोणती नंतर बसली ते कागदावर लिहावं. क्रम सलग तोच येऊ लागला की समजावं, आता बोटं ऐकतायत. मग ते कुलूप बाजूला ठेवावं, कारण त्यानंतर हात क्रम पाठ करून उघडतो, चाचपून नाही.

दुसरं, पितळी अंगाचं मास्टर लॉक १४०. पिना यातही चारच, तरी पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. यावरूनच कळतं की पिनांची संख्या पाहून अवघडपणा ठरवता येत नाही. यात स्पूल पिना येतात: मधे कंबर बारीक असलेल्या ड्रायव्हर पिना. साधारण सगळं बसल्यासारखं वाटतं, गाभा एकदम काही अंश फिरतो आणि तिथेच थांबतो. हा फॉल्स सेट. इथे नवखे दाब वाढवतात, आणि स्पूलची कंबर आणखी घट्ट अडकते. करायचं उलट असतं. एकेक पिन अलगद दाबून पाहावी. जिच्यावर दाब दिल्यावर गाभा उलट दिशेला ढकलला जातो ती स्पूल. तिला उचलत राहावं आणि त्याच वेळी रेंचवरचं बोट जरासं सैल सोडून गाभ्याला मागे यायला जागा द्यावी. स्पूल पूर्ण वर गेली की गाभा पुन्हा पुढे सरकतो. या मागे येण्यात आधी बसलेली एखादी पिन खाली पडते, ती पुन्हा लावायची. पडली म्हणून सगळं सोडून देऊ नये, तो रीतीचाच भाग आहे. डाव्या हाताला दाब कमी करायला शिकवणारं यापेक्षा चांगलं कुलूप सुरुवातीला सापडणार नाही.

ॲल्युमिनियमच्या अंगाचं, ‘अमेरिकन लॉक’ या कंपनीचं ११०० यानंतरच घ्यावं. स्पूलबरोबर यात दातेरी पिनाही असतात. दातेरी पिनेवर बारीक गोल खाचा असतात, आणि प्रत्येक खाच शिअर लाइनवर अडकून खोटी टिक्‌ देते. एकाच पिनेला दोन-तीन टिक्‌ आल्या तर ती बसली असं समजू नये. पुन्हा चाचपल्यावर ती कडक लागली तर अजून वर जायची आहे. इथे दाब जितका हलका तितकं बरं, आणि जाड पिकऐवजी पातळ लागतो. जाडीचं गणित असं: ०.०२५ इंची, म्हणजे सुमारे ०.६४ मिलिमीटरचा पिक मजबूत आणि शिकायला योग्य. वाकड्यातिकड्या अरुंद फटीसाठी ०.०१८ ते ०.०१९ इंची; ०.०१५ इंची मात्र घाईच्या हातात लगेच वाकतो. वाकलेला पिक सरळ करून वापरता येतो, पण त्याच जागी तो लवकरच मोडतो, आणि मोडलेला तुकडा फटीत राहिला तर काढणं जिकिरीचं.

अवघडपणाचं आणखी एक कारण किल्लीवर उघड दिसतं. खाच खोल असेल तिथली किल्ली-पिन लांब असते, तिला थोडंसंच उचलावं लागतं. खाच उथळ, तिथली पिन आखूड आणि ती बरीच उचलावी लागते. लांब पिनेच्या मागे आखूड पिन आली की पंचाईत होते: मागची उंच उचलताना पिकचा दांडा पुढच्या लांब पिनेला ढकलून ओव्हरसेट करतो. अशा वेळी छोटा हुक ठेवून द्यावा आणि जास्त उंचीचा घ्यावा. कुलूप विकत घेताना किल्लीच्या खाचा पाहून निवडावं. पहिल्या कुलपासाठी साधारण सारख्या खोलीच्या खाचा बऱ्या, नंतरच्यासाठी चढ-उतार असलेल्या.

लिव्हरची कुलपं हा वेगळाच प्रांत आहे. गोल दांड्याची, टोकाला चपटं पातं असलेली किल्ली दिसली तर आत बहुधा पिना नसून एकावर एक पट्ट्या असतात, आणि हा संच तिथे काही कामाचा नाही. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कुलूपकार आल्फ्रेड हॉब्ज यांनी चब कंपनीचं ‘डिटेक्टर’ कुलूप उघडलं तेही लिव्हरचंच. त्यात एखादी पट्टी जास्त उचलली तर कुलूप स्वतःला अडकवून घेत असे. हॉब्ज यांनी तीच यंत्रणा वापरून आपलं काम सोपं करून घेतलं. मन लावून वाचावी अशी ती हकीकत आहे, पण तिच्यावरून हुक घेऊन लिव्हरच्या कुलपामागे लागू नये.

कुलूप हातात कसं धरायचं हे बारीकसं दिसतं, पण फरक मोठा पडतो. टेबलावरच्या छोट्या व्हाइसमध्ये कुलूप सोयीचं बसतं, मात्र जबडे आवळून धरले तर अंगाचा कंप मरतो. कापडाचा तुकडा मधे घालून जेमतेम हलणार नाही इतकंच आवळावं. हातात धरताना कुलूप तळव्यात आणि त्याच हाताचं तर्जनीचं टोक रेंचवर, म्हणजे दुसरा हात फक्त पिकसाठी मोकळा राहतो. वीसेक मिनिटांनंतर बोटं बधिर होऊन दाब नकळत वाढतो, तिथे थांबावं.

स्वस्त पिकांच्या कडा ठोकून कापलेल्या, खरखरीत असतात. त्या पितळेत रुततात आणि ती खरखर टिक्‌सारखी वाटते. ४००, मग ६००, मग १००० नंबरच्या वॉटर पेपरने टोक आणि दांडा लांबीच्या दिशेने घासले की साधा पिकही महागड्याच्या जवळ जातो. कुलपाच्या आत सरावाने पितळेची भुकटी जमते. ती झटकून कोरडं टेफ्लॉनचं वंगण द्यावं. घट्ट तेल टाकलं तर भुकटीचा चिखल होतो आणि पिना वर चिकटून राहतात.

आणि जे दाराला, पेटीला, सायकलला लावलेलं आहे त्या कुलपावर सराव कधीच करू नये, ते स्वतःचं असलं तरी. पिन वर अडकली, स्प्रिंग दबली की नेमकं गरजेच्या वेळी किल्ली चालत नाही. दुसऱ्याच्या कुलपाला त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय हात लावायचा नाही. जगभरचे लॉकपिकिंग मंडळातले लोक हे दोन नियम कसोशीने पाळतात. हत्यारं बाळगण्याचा कायदा देशागणिक बदलतो, तो आपल्यापुरता वाचून घ्यावा आणि संच घरीच ठेवावा.

११०० उघडता येऊ लागलं की त्याचा खरा फायदा सुरू होतो. कडी उघडी असताना तिच्या भोकातून दिसणारा स्क्रू काढला की सिलिंडर बाहेर येतं आणि पिना बदलता येतात. सगळ्या पिना एकदम ओतू नयेत. एकेक भोक रिकामं करून पिना कागदावर क्रमाने मांडाव्यात, चिमटा वापरावा, खाली पांढरं कापड ठेवावं, स्प्रिंगा उडतात. मग पाचांपैकी दोनच ठेवून दातेरी पिनेचा सराव करता येतो, एका भोकात स्पूल आणि शेजारी दातेरी अशी जोडी लावून पाहता येते, आणि कुठे चुकतंय ते आत उघडून बघता येतं. कुलूप बंद करण्याआधी किल्ली दोन-चारदा फिरवून पाहावी.