निळा पार, ओला चेहरा: डीजे नाइटला फ्लॅश की एफ 1.8?

नागाव-काशीद असो की तारकर्ली, रिसॉर्टवरच्या डीजे नाइटला कॅमेरा काढला की प्रश्न तोच. फ्लॅश चढवायचा, की 35 किंवा 50 मिमीची एफ 1.8 लेन्स लावून आहे त्या उजेडात भागवायचं? मॅन्युअल मोड येतो असं धरूनच पुढचं लिहितोय.

पहिल्या नजरेत एफ 1.8 चं पारडं जड वाटतं, आणि ते उगाच नाही. कोणाच्या डोळ्यांवर उजेड जात नाही, नाचणारे बिचकत नाहीत, माहोल जसाच्या तसा उतरतो. आयएसओ 3200 ते 6400 आणि शटर 1/160 च्या आसपास ठेवलं की बरंच हाती लागतं. अडचण फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याची. फुल फ्रेमवर 50 मिमीला दीड मीटरवर जेमतेम 10 सेंटिमीटर पट्टा स्पष्ट येतो. जोडीतला एक लख्ख, दुसरा धूसर. घोळक्याला 35 मिमी बरी, तिला त्याच अंतरावर साधारण दुप्पट खोली मिळते. सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) मात्र बंदच ठेवा. एलईडी लुकलुकत असतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फोटोभर आडवे पट्टे येतात.

इथवर सगळं सोसण्यासारखं आहे. सोसत नाही तो निळा पार, म्हणजे डीजेचा रंग बदलणारा पार दिवा.

डीजेवाला ट्रसवरचे (दिवे टांगायच्या लोखंडी सांगाड्यावरचे) सगळे पार एकदम निळ्यावर नेतो. सेन्सरवरच्या दर चार बिंदूंत निळा टिपणारा एकच असतो. दोन हिरवे, एक लाल. नुसत्या निळ्या उजेडात लाल बिंदूंच्या वाट्याला जवळपास काही येत नाही आणि निळे तुडुंब भरतात. साध्या हिस्टोग्रामवर फोटो अंधारा दिसतो, म्हणून आपण एक्स्पोजर आणखी वाढवतो, आणि गालावर निळा डाग पक्का होतो. नाकाची कड, भुवईखालची सावली, सगळं त्यात बुडतं. रॉ फाइल असली तरी न टिपलेला लाल रंग व्हाइट बॅलन्स फिरवून येणार कुठून? लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघून दीड-दोन स्टॉप खाली यावं, पार पिवळ्या-पांढऱ्यावर येईपर्यंत थांबावं, नाहीतर फोटो कृष्णधवल करावा. साखरपुड्याच्या पार्टीत नवरीची आई कृष्णधवलवर खूश होत नाही, हा आपला माझा अनुभव. मोजमाप विचाराल तर नाही.

फ्लॅशच्या उजेडात तिन्ही रंग असतात. चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा येतो आणि निळा मागे सरतो, तिथे तो शोभतोही. सुरुवातीला आयएसओ 800, एफ 5.6, शटर 1/15, फ्लॅश मॅन्युअलवर 1/64, पुढे पांढरा डिफ्यूजर, माणूस दीड मीटरवर. तीन मीटरवर गेला तर उजेड चौथाईवर येतो, म्हणून फ्लॅश 1/16 करा. फ्लॅशवर पाव सीटीओ जेल (उजेड किंचित नारिंगी करणारा पारदर्शक कागद) चिकटवलं की त्वचेचा पांढरट थंडपणा जातो. 1/15 मुळे मागचे दिवे ओघळतात आणि फ्लॅशच्या क्षणात माणूस गोठतो. रिअर कर्टनचं, म्हणजे शटर बंद होता होता फ्लॅश मारण्याचं, कौतुक फार होतं, पण 1/15 ला त्याने फारसा फरक पडत नाही. 1/4 ला पडतो.

चुका इथेही होतात. ब्लाइंडर (गर्दीवर रोखलेला प्रखर दिवा) पेटलेला असताना 1/15 ठेवलं तर एका माणसाला दोन नाकं येतात. तेवढ्यापुरतं 1/60 करा. बाउन्सच्या, म्हणजे फ्लॅश छतावर किंवा भिंतीवर मारून उजेड परतवण्याच्या, भानगडीत पडू नका. वर झावळ्या किंवा कौलं असली तर उजेड वरच विरतो, आणि बाजूच्या जांभ्याच्या भिंतीवर मारलात तर सगळी मंडळी विटकरी होऊन येतात. स्मोक मशीन सुटलं की समोरून मारलेल्या फ्लॅशने नुसतं दूध दिसतं; धूर विरेपर्यंत थांबा, नाहीतर दुरून पेटवणारा ट्रिगर लावून फ्लॅश हातभर बाजूला धरा. किनाऱ्यावरच्या दमटपणात कपाळं चकाकतात ती वेगळीच; खिशात टिश्यू ठेवा आणि संकोच न करता द्या.

रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर पार्टी तेव्हा एसी हॉलमध्ये शिरते. हॉलमधून पुन्हा वाळूवर आलात की गार लेन्सवर बाष्प धरतं, फ्लॅश असो वा नसो. पुसू नका, पुन्हा धरतं. निघण्यापूर्वीच कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि बाहेर वीसेक मिनिटं ती तशीच राहू द्या. शार्पी (बारीक, तीव्र झोताचा फिरता दिवा) आणि लेझर यांतला फरकही ओळखा: शार्पीचा झोत लेन्समध्ये आला तर फोटो जातो, लेझरने सेन्सर जाऊ शकतो.

स्टेजवर गाणारी असेल, क्लबवाल्यांनी फ्लॅश नको म्हटलं असेल किंवा शॅकमध्ये नुसते पिवळे बल्ब असतील, तर 35 मिमीच लावा. तिथे फ्लॅश माहोल मारतो. दोन्ही घेण्याची ऐपत असेल तर वादच नाही. एकच घ्यायचं असेल आणि पार्टी घरच्या माणसांची असेल, तर मी तरी आधी फ्लॅश घेईन. त्याचा एक जाच मात्र आहे: खाऱ्या वाऱ्याने फ्लॅशच्या पायाच्या (कॅमेऱ्यात बसणाऱ्या भागाच्या) पिना काळवंडतात आणि ऐन वेळी फ्लॅश पेटत नाही. घरी आल्यावर पिनांवर पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, आणि सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात टाकू नका.