लोडविना दाखवलेले २५० व्होल्ट

घरी व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर बांधणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. पॉवर ट्रान्सफॉर्मर कुरिअरने मागवणार असाल आणि विकणाऱ्याने मीटर लावलेला व्हिडिओ पाठवला असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझं सर्किट साधं आहे. स्टिरिओ, दोन ईएल८४ (आउटपुटचे व्हॉल्व्ह, चॅनलला एक), त्यांच्या आधी सिग्नल वाढवणारा एक ईसीसी८३, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ईझेड८१. याला एचटीचे (व्हॉल्व्हना लागणारं जास्त व्होल्टेज) साधारण ११० मिलिअँपिअर लागतात आणि हीटरचे (व्हॉल्व्ह तापवणारी तार), रेक्टिफायर धरून, २.८ अँपिअर. म्हणून मागणी केली ती २५०-०-२५० (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना २५० व्होल्ट), १२० मिलिअँपिअर आणि ६.३ व्होल्ट ३ अँपिअर अशी. विकणारा गोड बोलला. 'सर, शंभर टक्के कॉपर. व्हॉल्व्हसाठी खास बनवतो.' व्हिडिओत मीटरवर २५२ दिसत होते. पैसे सगळे आगाऊ, यूपीआयने. बिलाचं विचारलं तर म्हणाला, 'बिल हवं तर १८ टक्के वर.'

अँप चालू झाला, पण आवाज जरा वाढवला की चिरकायचा. मोजलं तर एचटी २७० च्या जागी २१५. ईएल८४च्या कॅथोडवर, १३५ ओहमच्या रेझिस्टरवर (व्हॉल्व्हचा करंट वाढला की इथलं व्होल्टेज वाढतं), सव्वासात व्होल्ट हवे होते तिथे साडेपाच. दोन्ही चॅनलना सारखेच. दोन्हीकडे एकसारखी घट असेल तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये असतो.

फोन केला तर आधी म्हणाला, 'तुमच्याकडे लाइट कमी असेल.' सॉकेटवर २३२ होते. मग म्हणाला, 'व्हॉल्व्ह वीक आहेत सर, माझ्याकडे नवी जोडी आहे, पाठवू का?' यात बरेच जण अडकत असणार, म्हणून नीट सांगतो. थकलेला ईएल८४ करंट कमी खेचतो. करंट कमी झाला की एचटी वर चढायला हवं, खाली यायला नको. दुसरा संशय येतो तो कपलिंग कपॅसिटरचा (आधीच्या व्हॉल्व्हचा सिग्नल पुढे देणारा). तो लीक असेल तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट कमीजास्त करणारी जाळी) पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, करंट वाढतो आणि कॅथोडचं व्होल्टेजही वाढतं. माझ्याकडे ते कमी होतं. म्हणजे विकणाऱ्याची दोन्ही कारणं, कमी लाइट आणि वीक व्हॉल्व्ह, माझ्या आकड्यांशी जुळत नव्हती, आणि तरी तो मला आणखी माल विकायला बघत होता. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

खरी खूण हीटरवर मिळाली. लोडवर, म्हणजे व्हॉल्व्ह जोडून करंट जात असताना, ६.३ ऐवजी ५.५ व्होल्ट. हीटरच्या वाटेत ना डायोड असतो, ना कपॅसिटर, ना रेझिस्टर. वायर जाड आणि सोल्डर पक्कं असेल तर तिथली घट थेट ट्रान्सफॉर्मरचीच. दोन्ही ईएल८४ काढले की हीटर सावरायचा आणि एचटी ३०० च्या पार जायचं. ईझेड८१च्या जागी दोन १एन४००७ डायोड लावून पाहिले, एचटी थोडंच वाढलं. अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववत नव्हता आणि वॉर्निशचा वास सुटला होता.

बंद करून, वायरी सोडवून एचटीच्या सेकंडरीचा (आउटपुटच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स मोजला. सेंटर टॅपपासून (मधल्या टोकापासून) एका टोकापर्यंत शंभर ओहमच्या आत यायला हवा होता, आला ३२०. मग ओळखीच्या जुन्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे नेला. त्यांनी वरचा कागद फाडला, तारेचं इनॅमल ब्लेडने खरवडलं. आत पांढरी तार, अॅल्युमिनियम! वर तांब्याच्या रंगाचं इनॅमल. बाहेर आलेल्या वायरी मात्र तांब्याच्या, आणि साध्या सोल्डरला अॅल्युमिनियम धरत नाही म्हणून आतले जोड नुसते पिळलेले. काकांनी गेज लावून पाहिलं. १२० मिलिअँपिअरला ३४ नंबरची तार हवी, इथे ३८ होती (नंबर मोठा तितकी तार बारीक). ३८ नंबरच्या तारेचा रेझिस्टन्स ३४च्या सव्वादोन पटीहून जास्त, त्यात अॅल्युमिनियमचा तांब्याच्या १.६ पट. दोन्ही मिळून जवळपास पावणेचार पट. माझे ३२० ओहम तिथून आले.

व्हिडिओ खोटा नव्हता. मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे कितीही बारीक तारेवर, वेढे बरोबर असले की आकडा बरोबरच दिसतो.

म्हणून व्हिडिओ लोडवरचा मागा. २५० च्या एका बाजूला २५ वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावला की ११० मिलिअँपिअरच्या आसपास जातात. हीटरला २.२ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावला की २.८ अँपिअर. दोन्ही एकाच वेळी लावून, अर्ध्या तासानंतरचा आकडा दाखवायला सांगा. वजनही विचारा. अॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं असतं.

स्वतः तपासणार असाल तर जीव सांभाळा. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहमच्या, ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. चालू अँपवर मोजताना दुसरा हात खिशात ठेवा.

पैसे परत मागितले तेव्हा 'तुम्ही उघडला, आता गॅरंटी नाही' असं उत्तर आलं आणि पुढे माझा नंबर ब्लॉक झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. बिल नाही, पण यूपीआयची पावती, चॅट, तो व्हिडिओ आणि काकांनी खरवडलेल्या तारेचे फोटो जोडले आहेत. तुम्हालाही असाच माल आला असेल तर वाइंडिंग उघडण्याआधी लोडवरच्या आकड्यांचा व्हिडिओ काढून विकणाऱ्याला पाठवा.