दोन मिनिटांत उत्तर देणारी होस्टिंग कंपनी

माझ्या भाषांतराच्या व्यवसायाचे संकेतस्थळ ज्या होस्टिंग (साइटला इंटरनेटवर जागा देणाऱ्या) कंपनीकडे तीन वर्षे होते तिचे नाव येथे देत नाही, कारण तिच्यासारख्या कंपन्या पुष्कळ आहेत आणि एक नाव टाळून शेजारच्या दारात तोच अनुभव विकत घेता येतो. फसवणूक कोणत्या वाटेने झाली, तेवढे मात्र तपशिलाने सांगते.

खरेदीपूर्वी विक्रीच्या चॅटवर मी सात-आठ प्रश्न विचारले होते आणि प्रत्येकाचे उत्तर दोन मिनिटांच्या आत आले होते: जागा अमर्याद, बॅकअप रोज, डोमेन (साइटचा इंटरनेटवरील पत्ता) मोफत, सपोर्ट चोवीस तास, अपटाइम (साइट चालू राहण्याचे प्रमाण) 99.9 टक्के. महिन्याला सुमारे 43 मिनिटे साइट बंद राहिली तरी हा शेवटचा शब्द पाळला गेला असे धरतात, हे मला नंतर समजले. पण माझे नुकसान त्या आकड्याने केले नाही. ते 'अमर्याद' आणि 'मोफत' या दोन शब्दांनी केले.

तिसऱ्या वर्षी एके सकाळपासून ग्राहकांनी मला पाठवलेले मेल परत जाऊ लागले आणि साइटवर नवा मजकूर जतन होईना. मी तिकीट, म्हणजे सपोर्टकडे लेखी तक्रार, टाकले. उत्तर आले की ब्राउझरची कॅश (वेगासाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करून पाहावी. ती केली. मग दुसरा ब्राउझर वापरून पाहावा, असे सुचवण्यात आले. तोही वापरला. त्यानंतर दोन दिवस काहीच न येता तिकीट आपोआप 'सोडवले' म्हणून बंद झाले. नवे टाकले तेव्हा नवा क्रमांक, नवा माणूस आणि पुन्हा कॅशचा सल्ला. दुसऱ्याने पाठवलेला मेल परत जाण्याशी माझ्या ब्राउझरचा संबंध काय, या प्रश्नाला कोणीही हात लावला नाही. सहाव्या दिवशी मात्र थेट फोन आला. आवाज अत्यंत गोड होता. साइटवरची वर्दळ वाढली असल्याने मोठा प्लॅन घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले, आणि मी घायकुतीला आलेली असल्यामुळे पैसे भरले. प्लॅनचे नाव बदलले. मेल परत जातच राहिले.

साइट हलवण्याच्या विचाराने नवव्या दिवशी मी दुसऱ्या एका कंपनीला लिहिले. तेथील सपोर्टच्या माणसाने प्लॅनचा विषयही न काढता दोन गोष्टी मागितल्या: परत गेलेल्या मेलमधील एररचा जसाच्या तसा मजकूर, आणि सीपॅनेलच्या (होस्टिंगचे खाते सांभाळण्याच्या पानाच्या) उजव्या बाजूला आकडेवारीत 'फाइल युसेज' अशी जी ओळ असते तिचा स्क्रीनशॉट. ती ओळ लाल होती. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला मर्यादा होती, अडीच लाखांची, आणि ती भरली होती. या मोजणीला आयनोड म्हणतात; प्रत्येक मेल, प्रत्येक चित्र, कॅशचा प्रत्येक तुकडा त्यात एकेक धरला जातो. माझ्या खात्यात एका प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामच्या) कॅशचे फोल्डर वर्षानुवर्षे फुगत गेले होते. त्या माणसाने पुढे लिहिले की हे फोल्डर रिकामे केल्यास साइट आहे तेथेच नीट चालेल, त्यासाठी आमच्याकडे येण्याची गरज नाही. पंधरा मिनिटांत मेल सुरू झाले. स्वतःचे गिऱ्हाईक घालवणारे उत्तर देणारा सपोर्ट मी प्रथमच पाहिला, आणि त्याच उत्तरामुळे मी तिकडे गेले.

हलवण्यापूर्वी जुन्या कंपनीकडे रोजचा बॅकअप मागितला तेव्हा सर्वांत ताजी प्रत सात महिन्यांपूर्वीची निघाली. फाइली एक लाखावर गेल्या की खाते बॅकअपमधून वगळले जाईल, असे कलम अटींमध्ये होते, आणि वगळल्याची सूचना कोणालाही देण्याचे बंधन कंपनीने स्वतःवर घेतले नव्हते. साइट शाबूत होती म्हणून मी वाचले. तसा होस्टच्या बॅकअपवर एकट्यावर भरवसा ठेवूच नये; 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या अशा अनेकांचा डेटा कायमचा गेला. मोठ्या प्लॅनचे पैसे परत मागितले, तर 'सेवा वापरली गेली आहे' असे एका ओळीचे उत्तर आले.

खरा फास डोमेनचा होता. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत, नोंदणीधारकाने मागितल्यास रजिस्ट्रारने (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीने) ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याचा परवलीचा शब्द, पाच दिवसांत द्यावा, असा डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम आहे. तो वाचून मी निश्चिंत होते. परंतु पूर्वी ज्याला हूइज म्हणत आणि आता ज्याची जागा आरडीएपीने घेतली आहे, त्या डोमेनधारकांच्या नोंदीत पाहिले तेव्हा नोंदणीधारक म्हणून माझे नाव नव्हतेच. तेथे होस्टिंग कंपनीचे नाव होते. मोफत मिळालेले डोमेन त्यांनी स्वतःच्याच नावावर घेतले होते. कंपनी केवळ रिसेलर (रजिस्ट्रारची सेवा पुढे विकणारी) असल्याने मी वरच्या रजिस्ट्रारला लिहिले. त्यांचे उत्तर नकाराचे होते, तरी इतके स्वच्छ की राग आला नाही: आमच्या नोंदीनुसार धारक तुम्ही नाही, त्यामुळे कोड तुम्हाला देता येत नाही, रिसेलरकडे धारकबदलाची लेखी मागणी करा, आणि बदलापूर्वीच लॉक नको असे सांगण्यात आले नाही तर पुढे 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर होणार नाही, हे ध्यानात ठेवा.

धारकबदलासाठी जुन्या कंपनीने होस्टिंगचे आणखी एका वर्षाचे रिन्यूअल भरण्याची अट घातली. सगळे ग्राहक ज्या पत्त्यावर लिहितात तो पत्ता पणाला लागल्यामुळे मी ते भरले. लॉक टाळण्याची विनंती त्यांनी 'विसरून' धुडकावली आणि 60 दिवस पुरेपूर मोजावे लागले.

ट्रान्सफर पूर्ण झाले त्या संध्याकाळी मी जुन्या कंपनीचा विक्रीचा चॅट उघडला आणि नव्या गिऱ्हाइकासारखे विचारले की मोफत डोमेन कोणाच्या नावावर नोंदवले जाते. दोन मिनिटे व्हायच्या आत उत्तर आले: 'अर्थातच तुमच्याच.'