ऋतू पालटताना आवराआवर: एका दमात की रोज थोडी?

ऋतू पालटू लागला की कपाटातला क्रम आपोआप बदलतो. कालपर्यंत हाताशी असलेले कपडे मागच्या कप्प्यात जातात, मागचे पुढे येतात आणि या उलथापालथीत तळाशी दडपलेले बरेच काही एकदम नजरेस पडते. त्याच सुमारास मनातही चुळबुळ सुरू होते: या वेळी सगळे नीट लावायचे, उठण्याची वेळ सुधारायची, अर्धवट टाकलेले काम एकदाचे धसास लावायचे. एवढे ठरले की पुढे दोन वाटा फुटतात. सुट्टीचे दोन-तीन दिवस राखून सगळे घर, आणि जमल्यास दिनक्रमही, एका दमात पालथा घालणे ही एक. रोज दहा-पंधरा मिनिटे देऊन एकेक खण, एकेक सवय मार्गी लावणे ही दुसरी. दोन्ही वाटांनी मी गेलेलो आहे आणि दोन्हींवर तोंडघशीही पडलेलो आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. साचलेल्या पसाऱ्याला पहिली वाट मानवते, रोज नव्याने होणाऱ्या पसाऱ्याला दुसरी. आणि स्वतःत करायच्या बदलाला जवळजवळ नेहमी दुसरीच, मात्र तिची सुरुवात ऋतूच्या सांध्यावर करावी.

साचलेला आणि होणारा हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, कारण दिसायला दोन्ही पसारे सारखेच असतात. माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात कागदांचा ढीग असतो. तो मी कितीही वेळा उपसला तरी आठवड्याभरात परत उभा राहतो, कारण घरात येणारा प्रत्येक कागद प्रथम तिथेच टेकतो. त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये मात्र जुन्या चार्जरांचा आणि वायरींचा गुंता आहे, ज्यातल्या निम्म्या वायरी कोणत्या यंत्राच्या हे आता घरात कुणालाही सांगता येणार नाही. त्यात वर्षाकाठी फार तर एखादी वायर वाढते. ड्रॉवर एकदा रिकामा केला की वर्षानुवर्षे पाहायला नको. कोपऱ्याचा ढीग मात्र दर रविवारी उपसला तरी व्यर्थ, कारण तिथे कमी आहे ती कागद आल्याबरोबर तो ठेवण्याच्या जागेची आणि तसे करण्याच्या सवयीची. म्हणून कोणती पद्धत चांगली हे विचारण्याआधी आपल्या घरातला पसारा कोणत्या जातीचा आहे हे पाहावे.

एका दमात आवरण्याचा सर्वांत मोठा फायदा असा की एकाच प्रकारच्या वस्तू एकत्र समोर येतात. निरनिराळ्या खणांत विखुरलेल्या असताना कात्र्या कमीच वाटतात. सगळ्या एका चादरीवर मांडल्या तेव्हा आमच्याकडे पाच निघाल्या, त्यांतल्या दोन बोथट. रोज एक खण आवरणाऱ्याला हे कधीच कळत नाही. शिवाय रिकामी झालेली फळी डोळ्यांना दिसते आणि त्या दिसण्यात पुढच्या कामाचा हुरूप असतो.

तोट्यांची यादी मात्र मोठी आहे. पहिल्या खेपेस मी सकाळी उत्साहाने कपाट, माळा आणि दोन बॅगा एकदमच पलंगावर ओतल्या. दुपारपर्यंत एकेका सदऱ्याचा सांगोपांग विचार झाला, संध्याकाळी निर्णय हातघाईचे होऊ लागले आणि रात्री अकराला, उरलेला डोंगर भिंतीकडे सारून, पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपावे लागले. दुसऱ्या दिवशी तो डोंगर न पाहताच जसाच्या तसा माळ्यावर गेला. संध्याकाळी घाईने टाकलेल्या वस्तूंत एका उपकरणाचे हमीपत्रही होते, हे ते उपकरण बिघडल्यावर कळले. तेव्हापासून माझा नियम असा की जेवढे त्याच दिवशी परत लावून होईल तेवढेच बाहेर काढायचे, आणि कागदपत्रांना सकाळच्या वेळेतच हात घालायचा.

या पद्धतीत निर्णय इतके जड का होतात, यालाही कारण आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कप देऊन ते किती किमतीला विकाल असे विचारले, तर ज्यांना कप मिळाले नव्हते त्यांना किती देऊन घ्याल असे विचारले. कप मिळून फार वेळ झालेला नव्हता, तरी मालकांनी सांगितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या घरात गेली. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या कपाची ही कथा, तर दहा वर्षे घरात असलेल्या वस्तूबद्दल काय बोलावे? म्हणून ‘ही ठेवू का टाकू’ असे स्वतःला विचारण्यापेक्षा ‘ही आज माझ्याकडे नसती तर मी मुद्दाम जाऊन आणली असती का’ असे विचारावे. मला तरी या प्रश्नाने निर्णय बरेच सोपे झाले.

कपडे आणि वायरी यांच्यापेक्षा वेगळ्या अशा एका प्रकारच्या वस्तूंपाशी मात्र हा प्रश्नही अडखळतो. माझ्या माळ्यावर एका परकीय भाषेच्या अभ्यासाच्या चार वह्या होत्या. पहिली काठोकाठ भरलेली, दुसरी निम्मी, उरलेल्या दोन कोऱ्या, पण चारही वह्यांवर नाव सुवाच्य अक्षरात घातलेले. त्या वह्या टाकणे म्हणजे कागद टाकणे नव्हते, तर ती भाषा बोलणारा जो मी कधीतरी होणार होतो त्याला निरोप देणे होते. अशा वस्तूंचा निकाल धडाक्यात लावू नये. वह्या सहा महिने नजरेसमोरच्या फळीवर ठेवल्या, एकदाही उघडल्या नाहीत, मग पहिली ठेवून बाकीच्या कोऱ्या पानांचा वापर सुरू केला. रोज थोडे आवरण्याच्या पद्धतीला एवढा धीर असतो, हा तिचा मोठा गुण.

त्या पद्धतीचा दुसरा गुण म्हणजे तिच्यातून सवय तयार होते, मात्र किती दिवसांत, याविषयी भलत्या समजुती आहेत. 21 दिवसांचा आकडा तोंडोतोंडी झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज ठरलेल्या प्रसंगी एक नवी कृती करायला सांगून 84 दिवस नोंदी ठेवल्या. ती कृती अंगवळणी पडण्याचा काळ माणसागणिक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला आणि मध्यक 66 दिवसांचा आला. (नोंदी 84 दिवसांच्याच असल्याने त्यापुढचे आकडे आलेखाच्या कलावरून काढलेले आहेत, हेही लक्षात ठेवावे.) सहा ऋतूंच्या हिशेबाने एक ऋतू दोन महिन्यांचा. म्हणजे एका ऋतूच्या आरंभी धरलेली सवय साधारण पुढच्या ऋतूच्या तोंडाशी मुरते, असा अंदाज बांधायला हरकत नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नसल्याचेही दिसले, जे एका दमाच्या पद्धतीत शक्य नसते. तिथे रविवार हुकला की मोहीमच हुकते.

तरीही रोज थोडी आवराआवर करणारा एका सापळ्यात हमखास सापडतो. पंधरा मिनिटांत सोपे तेच हाती घेतले जाते. मी तीन महिने इमानाने रोज आवरत होतो आणि त्या काळात चपलांची मांडणी सात-आठ वेळा निर्दोष झाली, पण वायरींचा ड्रॉवर एकदाही उघडला गेला नाही.

आता स्वतःतल्या बदलाकडे. ऋतू बदलताना संकल्प सुचतात ते केवळ भाबडेपणाने नव्हे. हेंगचेन दाय, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये दाखवून दिले की आठवडा, महिना, वर्ष यांच्या आरंभी आणि वाढदिवसानंतर व्यायामशाळेतली हजेरी वाढते. त्यांच्याच 2015 च्या शोधनिबंधात एकच तारीख, 20 मार्च, काहींना ‘मार्चमधला तिसरा गुरुवार’ म्हणून, तर काहींना ‘वसंताचा पहिला दिवस’ म्हणून सांगितली गेली. दुसऱ्या गटातले लोक त्या दिवसापासून ध्येयाला लागण्यास अधिक राजी झाले. नवा ऋतू ही मागच्या चुका मागच्या खात्यावर टाकण्याची सोय आहे, आणि ती वापरण्यात गैर काहीच नाही.

मात्र ही सोय सर्वांना सारखी लाभत नाही. दाय यांच्या 2018 च्या अभ्यासानुसार पाटी कोरी झाल्याने ज्यांची आधीची कामगिरी कमकुवत होती त्यांना बळ मिळते, तर ज्यांचे बरे चालले होते त्यांची कामगिरी उलट घसरते. म्हणून जे सुरळीत चालू आहे त्याला नव्या ऋतूच्या उत्साहात हात लावू नये. फिरायला जाण्याची वेळ ठीक बसलेली असेल तर नव्या वेळापत्रकात ती तशीच राहू द्यावी आणि फक्त मोडलेले तेवढे नव्याने मांडावे.

एका दमात आयुष्य पालटण्याच्या हौशीला आयुर्वेदात एक सौम्य पर्याय सांगितलेला आहे. मावळत्या ऋतूचे शेवटचे सात आणि उगवत्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना वाग्भटाने ऋतुसंधी म्हटले असून त्या काळात जुना आचार क्रमाक्रमाने सोडावा आणि नवा क्रमाक्रमाने धरावा, असा विधी दिला आहे. तिथे विषय शरीराच्या आचाराचा आहे हे खरे, पण दिनक्रम बदलू पाहणाऱ्याला ही मुदत नेमकी उपयोगी पडते: एका रात्रीत सगळे बदलण्याइतकी तुटपुंजी नाही आणि ‘बघू पुढे’ म्हणण्याइतकी ऐसपैसही नाही.

तेव्हा निवड करणाऱ्याने असे पाहावे. घर बदलायचे असेल, वस्तूंना जागाच पुरत नसेल किंवा वर्षानुवर्षे न उघडलेले खोके असतील, तर एका दमात, पण एका वेळी एकच प्रकारच्या वस्तू घेऊन. घरात लहान मुले किंवा आजारी माणूस असेल, सलग वेळ मिळतच नसेल किंवा पसारा दर आठवड्याला परतत असेल, तर रोज थोडी, पण आठवड्यातून एक दिवस टाळलेल्या खणासाठी लावून दिलेला. घरातल्या इतरांच्या वस्तूंना दोन्ही पद्धतींत त्यांच्या गैरहजेरीत हात लावू नये. आणि नुकतेच जवळचे माणूस गेले असेल तर त्या माणसाच्या वस्तूंपुरती कोणतीच पद्धत लावू नये. ऋतू पुन्हा येतातच, तोवर ते कपाट बंद राहिले तरी चालते.