टेम्पोची कॅसेट आणि गायब मशरूम

सोलापुरात ‘टेम्पो विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली की माणूस आधी चाकं बघतो. इथला टेम्पो म्हणजे हेडफोन घातलेला नाकतोडा. रेड कंपनीने बनवलेला, सेगा या जपानी कंपनीने १९९५ मध्ये आणलेला व्हिडिओ गेम; सोबतीला केटी नावाचं फुलपाखरू, खलनायक किंग डर्ज, आणि सगळं जग भडक रंगांचं, तालावर डोलणारं. सेगाच्याच गाजलेल्या सोनिकचं भाग्य याच्या वाट्याला आलं नाही, त्यामुळे खरी कॅसेट ओळखणारे मोजकेच. भामट्यांना तेच हवं असतं.

जुळे सोलापुरातल्या एका गिऱ्हाइकाचे साडेचार हजार असे गेले. ‘ओरिजिनल, चालू कंडिशन’ म्हणत विकणाऱ्याने व्हिडिओ पाठवला: टीव्हीवर टेम्पो नाचतोय, खाली मेगा ड्राइव्ह म्हणजे सेगाची गेम मशीन, तिच्या खाचेत कॅसेट. लगेच यूपीआयने पूर्ण पैसे गेले.

चोरी त्या व्हिडिओतच उघडी होती. टेम्पोची कॅसेट नुसत्या मेगा ड्राइव्हवर चालतच नाही. तिला ३२ एक्स लागतो, म्हणजे मेगा ड्राइव्हच्या खाचेत वरून बसणारा काळ्या मशरूमसारखा जोड. कॅसेट त्याच्या डोक्यात जाते. व्हिडिओत मशरूम नव्हता, म्हणजे चित्र लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमधून, मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, येत होतं. पार्सलमध्ये निघाली फुटबॉलच्या गेमची कॅसेट, वर टेम्पोचं प्रिंट काढलेलं स्टिकर.

म्हणून व्हिडिओ मागताना न तोडता एका दमात मागा: मशीन बंद, कॅसेट बाहेर, दोन्ही बाजू दाखवून परत आत, मग चालू. शेजारी त्या दिवसाचा पेपर. आतल्या बोर्डाचा फोटोही हवा. सेगाच्या बहुतेक कॅसेटींना ४.५ मिमीचा गेमबिट, म्हणजे खास स्क्रू उघडायचा बिट, लागतो; साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही; पण ‘उघडता येत नाही’ ही सबब ऐकून घेऊ नका, बिट स्वस्तात मिळतो. बोर्डावर पायांची चिप न दिसता डांबराच्या ठिपक्यासारखा काळा गोळा दिसला, गड्ड्याच्या जत्रेतल्या ‘९९९९ इन वन’ कॅसेटीत असतो तसा, तर व्यवहार तिथेच सोडा.

नावाचाही घोळ आहे. टेम्पो ज्युनियर हा गेम गिअरचा, सुपर टेम्पो हा फक्त जपानात १९९८ मध्ये निघालेला सॅटर्नचा. तिन्ही मशीन वेगळ्या, एकाचा गेम दुसरीवर चालत नाही. ‘टेम्पोच आहे ना’ म्हणून ज्युनियर गळ्यात मारतात.

अख्खा सेट घेताना दोन गोष्टी बघाच. मेगा ड्राइव्हच्या एव्ही आउटपासून ३२ एक्सपर्यंत जाणारी छोटी जोडकेबल नसेल, तर पडद्यावर मेगा ड्राइव्हचा थर येत नाही, चित्र अर्धंच दिसतं. आणि ३२ एक्सला स्वतःचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. अमेरिकी सेटचा अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचा, जपानी १०० चा. आपल्या २३० वर लावला की गेलाच. त्याच्या जागी २३० वर चालणारा, १० व्होल्ट डीसी देणारा, मधली पिन पॉझिटिव्ह असलेला घ्या. जुन्या मॉडेल एक मेगा ड्राइव्हचा अ‍ॅडॉप्टर उलट, मधली पिन निगेटिव्ह, त्यामुळे अदलाबदल करू नका.

तक्रार केल्यावर त्या गिऱ्हाइकाला ‘पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं उत्तर आलं. पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो, ना पिन. असं झालं की त्याच तासात १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता आले तरच उपयोग. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, आणि पार्सलचं कव्हर फाडून टाकू नका, कुरिअरचा नंबर त्यावरच असतो.