ई-डीएनएवरून कोणती प्रजाती किती? मेटाबारकोडिंग की डिजिटल पीसीआर

पाणी गाळलं, त्यात जीवांनी सोडलेला डीएनए (ई-डीएनए) काढला, सिक्वेन्सिंग म्हणजे त्याच्या तुकड्यांचं वाचन झालं. तक्त्यात एका माशाचे ४०,००० रीड्स (वाचलेले तुकडे), दुसऱ्याचे ४,०००. पहिला दसपट आहे असं लिहायचा मोह होतो, तो आवरावा.

ही झाली मेटाबारकोडिंग, म्हणजे नमुन्यातल्या अनेक प्रजातींचा डीएनए एकदमच वाचण्याची पद्धत. तिचं बळ म्हणजे एकाच प्राइमरने (डीएनएला चिकटून प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्याने) डझनावारी प्रजाती हाती लागतात, ध्यानीमनी नसलेल्याही. पण प्राइमर सगळ्यांना सारखा चिकटत नाही. एकीचा डीएनए पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेच्या) दर चक्रात २ पट आणि दुसरीचा १.९ पट वाढला, तर सुरुवातीला बरोबरीत असलेल्या दोघींमध्ये ३५ चक्रांनंतर सुमारे ६ पट तफावत पडते. शिवाय रीड्स म्हणजे शेवटी एकूणातले वाटेच. समजा, अ आणि ब या प्रजातींच्या ५००-५०० प्रती होत्या. पुढच्या महिन्यात ब १,५०० झाला, अ तेवढाच राहिला, तरी अ चा वाटा ५० टक्क्यांवरून २५ वर येतो. अहवालात मात्र 'अ घटला' असं छापून जातं!

एक-दोन ठरावीक प्रजातींवरच नजर ठेवायची असेल तर मी डिजिटल पीसीआरच निवडेन. नमुना हजारो थेंबांत विभागून किती थेंबांत डीएनए सापडला ते मोजतात आणि त्यावरून प्रतींचा आकडा काढतात. प्रमाण-वक्र (ठाऊक मात्रेच्या नमुन्यांवरून आधी काढलेला आलेख) लागत नाही, गढूळ पाण्यातल्या अडथळा आणणाऱ्या द्रव्यांचा त्रासही क्यूपीसीआरपेक्षा (डीएनए किती वेगाने वाढतो त्यावरून मात्रा काढणाऱ्या पद्धतीपेक्षा) कमी. मात्र दर प्रजातीला वेगळी चाचणी बसवावी लागते, आणि जे शोधलंच नाही ते दिसत नाही.

मधला मार्गही आहे: तिथे नसणाऱ्या प्रजातीचा ठाऊक मात्रेचा डीएनए मिसळून रीड्सचं प्रतींत रूपांतर करायचं. वाट्यांचा घोळ त्याने बराचसा सुटतो, प्राइमरचा पक्षपात मात्र सुटत नाही. तो दूर करायला ज्ञात मिश्रण चालवून प्रत्येक प्रजातीचा गुणक काढावा लागतो.

प्रती मिळाल्या तरी ती डोकी नव्हेत. लहान मासे वजनाच्या मानाने जास्त डीएनए सोडतात, विणीच्या हंगामात आकडा उसळतो, ऊन पाण्यात डीएनए लवकर कुजतो, प्रवाहात तो वरून वाहत येतो. म्हणून एकाच प्रजातीची ठिकाणोठिकाणची किंवा काळानुसारची तुलना करावी, तीही तापमान आणि प्रवाह नोंदवून. दोन प्रजाती एकमेकींशी ताडून पाहू नयेत.

पैसे मोजकेच असतील तर जास्त रीड्स विकत घेण्यापेक्षा त्याच ठिकाणी आणखी दोन बाटल्या भरा. किती बाटल्यांत प्रजाती सापडली, यावरून ऑक्युपन्सी मॉडेल (प्रजाती तिथे असण्याची शक्यता काढणारं गणित) तरी नीट चालवता येतं.